लोणारला चाहते नाहीत, हे बरं

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा काल्पनिक वीर होऊन खेळायचा खेळ खेळणाऱ्यांची 'फरगॉटन रेल्म्स' नावाची एक काल्पनिक दुनिया आहे. एड ग्रीनवुडच्या डोक्यातून निघालेली ही दुनिया १९८७ साली बाजारात आली आणि तेव्हापासून खेळाडू तिच्यावर जीवही टाकतात, तिच्या नावानं बोटंही मोडतात. जीव टाकण्याचं कारण, गल्लीबोळापर्यंतचा तपशील. बोटं मोडण्याचं कारणही तेच! शिवाय एल्मिन्स्टर नावाचा म्हातारा जादूगार सगळं निस्तरायला समर्थ असताना आपल्या नवशिक्या वीरानं तलवार उपसायची कशाला? २००८ मध्ये तर प्रकाशकांनी काळच शंभरेक वर्षं पुढे ढकलला, काही देवांना मारून टाकलं. चाहते असे पेटले, जणू त्यांचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर चढला.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. उल्केनं पाडलेलं विवर, खारं सरोवर, लवणासुर, त्याला मारणारा विष्णू, दैत्यसूदन मंदिर. अशा दुनियेला लागणारा सगळा माल तयार. इथला एल्मिन्स्टर काम आटोपून देवळात जाऊन बसला, पुढच्यांच्या वाटेत येत नाही. विवराचं वय आधी सुमारे ५२ हजार वर्षं सांगत. २०१० मध्ये संशोधकांनी ते ५ लाख ७० हजारांच्या आसपास नेलं. जून २०२० मध्ये तर पाणीच गुलाबी झालं. एवढा फेरफार होऊनही 'आमचं मूळ लोणार परत द्या' म्हणत कुणी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा पुण्या-मुंबईच्या खेळाडूंनो, पुढचा डाव इथं मांडा. मेहकरहून एस.टी. आहे.