जालना आलं तरच वाचायचं

डिसेंबर लागला की आमच्या ओळखीतल्या वाचणाऱ्या मंडळींना वर्षाचा हिशेब देण्याची उबळ येते. 'यंदा वाचलेली उत्तम दहा पुस्तकं.' त्यात एखादं जपानी, एखादं दक्षिण अमेरिकेतलं, एखाद्याचं नाव उच्चारताना कवळी सांभाळावी लागते असं, आणि शेवटी एक मराठी. तेही लेखक ओळखीचा म्हणून. मी जालन्याच्या मोंढ्यात एका आडतीवर दिवाणजी आहे. इंग्रजीत एम.ए. केलेला माणूस एक तर प्राध्यापक होतो, नाही तर मोंढ्यात येतो. मधे डोनेशनची नदी आहे. हिशेब लिहिणं हाच धंदा असल्यामुळं या याद्यांतली खोट मला लगेच दिसली. सगळा माल बाहेरचा, स्थानिक आवक निरंक.

म्हणून जानेवारीत नियम केला. ज्या पुस्तकात जालना जिल्हा येईल तेच वाचायचं. बायको म्हणाली, "बरं झालं. दोन पुस्तकांत वर्ष निघंल."

जिल्हा झाला १ मे १९८१ ला, त्यामुळं नियमात पहिल्याच दिवशी सवलत द्यावी लागली : घटना जुनी चालेल, जमीन आजच्या हद्दीत पाहिजे. लगेच हाती लागली असईची लढाई. २३ सप्टेंबर १८०३, तालुका भोकरदन. इंग्रजांच्या बाजूनं आर्थर वेलस्ली, जो पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन होऊन नेपोलियनला वॉटर्लूवर हरवणार होता. समोर शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज. शिंद्यांच्या कवायती पलटणींवर पोलमन नावाचा हॅनोव्हरचा माणूस. म्हणजे जर्मनीचा गडी भोकरदन तालुक्यात नोकरीला. आमची पोरं आज पुण्याला चाकणला जातात, त्याच्या उलटी वाट.

लढाईच्या दोन दिवस आधी वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांची बैठक झाली ती बदनापूरला. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. बदनापूर म्हणजे आम्ही संभाजीनगरहून येताना डुलकीतून जागं होऊन "आलंच आता" म्हणतो ते गाव. तिथं ठरलं की दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी जायचं आणि २४ तारखेला मिळून हल्ला करायचा. वेलस्लीला २३ लाच शत्रू दिसला. त्यानं भागीदाराची वाट न बघता सौदा करून टाकला. अशी माणसं मोंढ्यातही आहेत. त्यांचे पुतळे होत नाहीत, वांधे होतात.

पण खरी गोष्ट पुढं आहे. मधे केळणा नदी. वाटाड्यांना विचारलं, तर त्यांनी सांगितलं, इथं उतार नाही. वेलस्लीनं दुर्बीण लावली. अलीकडच्या आणि पलीकडच्या काठावर अगदी समोरासमोर दोन गावं दिसली. दोन गावं इतकी जवळ, तर मधे जाण्यायेण्याची वाट असणारच, असा त्यानं हिशेब केला, आणि निघाला की उतार! याला इंग्रज इतिहासकार सेनापतीची प्रतिभा म्हणतात. मला त्यात प्रतिभा दिसंना. समोरासमोर गावं आणि मधे वाट नाही, तर सोयरिकी कशा व्हायच्या?

माझ्या मते यंदाच्या वाचनातलं सर्वोत्तम पात्र तो 'नाही' म्हणणारा वाटाड्या. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण मी त्याला ओळखतो. आजही भोकरदनच्या स्टँडवर वाट विचारून बघा. आधी "तिकडून नाय जमायचं" असं ऐकू येतं. मग कोणाकडं जायचं, ते तुमचे कोण, आज मुक्काम आहे का, अशी चौकशी होते, आणि चहा संपता संपता वाट निघते. वेलस्लीला चहाला सवड नव्हती. म्हातारपणी त्याला सगळ्यात चांगली लढाई कोणती विचारलं, तर त्यानं वॉटर्लू सोडून असईचं नाव घेतलं म्हणतात. वाटाड्याचं मत कुणी विचारलं नाही.

या लढाईवर बर्नार्ड कॉर्नवेलची 'शार्प्स ट्रायम्फ' नावाची इंग्रजी कादंबरी आहे, १९९८ ची. तीही मागवली. सार्जंट शार्प भर लढाईत वेलस्लीचा जीव वाचवतो आणि अधिकारी होतो. कादंबरी वेगवान आहे, दुपारच्या सौद्याआधी शंभर पानं सहज उरकतात. आमचे एक हमाल मामा त्याच भागातले. कट्टा उतरवून घाम पुसत म्हणाले, "काय वाचायलात, दिवाणजी?" म्हटलं, असईची, जुई नदीच्या काठावरची लढाई, इंग्रजीत. मामा म्हणाले, "जुईच्या? तिथं तर आम्ही म्हशी धुतल्या." आणि दुसरा कट्टा आणायला गेले. साहित्यसमीक्षा इतकी आटोपशीर असावी.

सभासदाची बखर एका रविवारी झाली. तीत आमचं गाव 'जालनापूर' म्हणून येतं, आणि येतं ते लुटलं जाण्यासाठी. शिवाजी महाराजांची १६७९ सालची ही स्वारी. वाचताना पंचाईत होते. महाराज आपले, पेठही आपलीच. टाळ्या कोणत्या हातानं वाजवायच्या?

दासबोध तर घरचाच. समर्थांचं जन्मगाव जांब घनसावंगी तालुक्यातलं, म्हणजे ग्रंथात जालना नसला तरी लेखकात आहे, नियमात बसवला. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे, आणि दिवाणजी लोकांनी तो जरूर वाचावा. पानाच्या भोवती जागा सोडून लिहावं, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही, इतक्या बारकाईनं सांगितलेलं आहे. मी त्याच दिवसापासून खतावणीत समास सोडू लागलो. शेठ म्हणाले, "कागद फुकट येतो का?" घरात मात्र ग्रंथ दुसऱ्याच पानावर उघडा राहू लागला. दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खाच्या लक्षणांचा, दहावा पढतमूर्खाच्या. बायकोनं पहिला वगळला, एवढी तिची माया. दहावा ती स्वयंपाक करता करता मोठ्यानं वाचायची आणि अधूनमधून माझ्याकडं बघायची, पावती फाडल्यासारखी.

आता यंदाचं माझं सगळ्यात आवडतं पुस्तक सांगतो, आणि यावर माझी पुण्याची मित्रमंडळी हसणार हे मला माहीत आहे. भोकरदनच्या उत्खननाचा अहवाल. उत्खनन १९७३ चं. देव आणि गुप्ते यांनी तो सिद्ध केला. त्यात खापरं आहेत. मग आणखी खापरं आहेत. कडा बाहेर वळलेली, कडा आत वळलेली, रंग तांबडा, रंग काळा. कथानक म्हणाल तर नाही. पण मालाची प्रत, नग, कुठल्या थरात मिळाला याची नोंद अशी की कुठल्याही आडतदारानं नमस्कार करावा. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. इथल्या दानशूर लोकांची नावं पार सांचीच्या आणि भारहुतच्या स्तूपांवर कोरलेली आहेत. इथं हस्तिदंताचं काम होत होतं, आणि इथं सापडलेली एक हस्तिदंती मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पाँपेईत मिळालेल्या मूर्तीच्या वळणाची निघाली. ती पाँपेईची मूर्ती भोकरदनकडूनच गेली असावी असं काही अभ्यासक म्हणतात. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि पाँपेई राखेखाली गेलं.

हे मी शेठना अगदी रंगवून सांगितलं. सोयाबीनची ओल बघत ते ऐकत होते. ज्वालामुखीपाशी त्यांनी दाणे खाली टाकले, हात झटकले.

"म्हणजे माल पोचला?"

"पोचला."

"आन् गिऱ्हाईक राखेखाली?"

"हो."

"मग आपल्या भोकरदनवाल्याचं पेमेंट?"