उन्हाळ्यात उंब्रज: नवख्या पर्यटकांस सूचना

सर्वप्रथम, आपण बरोबर उंब्रजला निघालो आहोत ना, याची खात्री करून घ्यावी. याच नावाचं एक गाव पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातही आहे आणि फोनमधल्या नकाशाला दोन्ही सारखीच. तेही गाव चांगलंच असणार; पण हे मार्गदर्शन सातारा जिल्ह्यातल्या, कराड तालुक्यातल्या, कृष्णा आणि तारळीच्या संगमावरच्या उंब्रजपुरतं आहे. ओळखायची खूण सोपी आहे. गाडीतून उतरून पिशवी खाली ठेवेपर्यंत शेजारचा माणूस विचारेल, "पावणं, कुणीकडं निघालाय?" आपण इथेच आलोय, असं सांगावं. तो क्षणभर तुमच्याकडे बघेल आणि म्हणेल, "ते खरं, पर जायाचं कुठं?" आता समजावं, आपण योग्य ठिकाणी पोचलो.

या प्रश्नात उद्धटपणा नाही. पुणे-बंगळूर महामार्गावरचं, पुण्यापासून सुमारे १४० किलोमीटरवरचं हे गाव पिढ्यान्‌पिढ्या लोकांना दुसरीकडे पोचवायचं काम करत आलं आहे. पश्चिमेला चाफळ आणि पाटण, पूर्वेला नदीपलीकडे मसूर, दक्षिणेला कराड, उत्तरेला सातारा. चारी दिशांना निघून जायची इतकी उत्तम सोय असताना एखादा माणूस मुद्दाम इथेच मुक्कामाला येतो, म्हणजे त्याची इथे सासुरवाडी तरी असणार किंवा सातबाऱ्यात नाव लागायचं राहिलेलं असणार, असा सर्वसाधारण समज आहे.

प्रवासाला एसटी उत्तम. मात्र लांब पल्ल्याच्या विनाथांबा गाडीत बसण्यापूर्वी वाहकाला विचारावं. तिला उंब्रज थांबा नसेल तर ते गाव खिडकीतून, महामार्गाच्या उंचीवरून आणि ताशी ऐंशीच्या वेगाने पाहायला मिळतं. महाराष्ट्रातल्या बहुतेकांनी उंब्रज असंच पाहिलेलं आहे. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून मोफत प्रवास. त्यामुळे सहलीची आखणी करताना सोबत एक मावशी आणि एक आजी असाव्यात. पूर्ण तिकीट काढणाऱ्या पुरुषाने सामान उचलावं. शेंद्रे ते कागल रस्ता सहापदरी करण्याचं काम वाटेत दिसेल. ते प्रेक्षणीय स्थळांत धरावं, कारण त्याच्यासमोर थांबायला मिळणारा वेळ इतर कोणत्याही स्थळापेक्षा जास्त असतो.

पोशाख सुती आणि सैल. डोक्याला टोपी किंवा उपरणं. काळा चष्मा शक्यतो टाळावा. काळा चष्मा लावून, फोन आडवा धरून, शेताच्या बांधावर उभं राहिलेल्या माणसाकडे या भागात पर्यटक म्हणून कुणी बघत नाही. तो एकतर भूसंपादनाच्या मोजणीला आलेला असतो किंवा प्लॉट पाडायला. मग त्याच्याभोवती माणसं जमतात, गटनंबर विचारले जातात, आणि "आमची बाजू बी लिवून घ्या" म्हणत कुणी तरी कागदांची पिशवी आणायला घरी पळतं. निसर्गसौंदर्य बघत होतो, हा खुलासा अशा वेळी कुणालाही पटत नाही.

आता पाहण्याची स्थळं. उंब्रजमध्ये बघण्यासारखं काय, असं गावात विचारावं. उत्तर येईल, "चाफळ." पुन्हा विचारावं. "पालचा खंडोबा." तिसऱ्यांदा विचारलं की, "मग कराडला प्रीतिसंगमावर जावा की, वाईच गार वाटंल." नाउमेद न होता चौथ्यांदा विचारावं. घरातली वस्तू पाहुण्याला काय दाखवायची, अशा संकोचाने माणूस म्हणेल, "तसा आपला मारुती हाय."

हा 'आपला मारुती' म्हणजे समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक, शके १५७१ मधला, म्हणजे १६४९ चा. मूर्ती चुना, वाळू आणि ताग यांची. या साहित्यात पावणेचारशे वर्षं निघाली. हात जोडून उभं राहिल्यावर मिश्रणाचं नेमकं प्रमाण रस्त्याच्या ठेकेदारांना कळवावं, असा विचार मनात येतो. तो देवापुढे बोलून दाखवू नये. शनिवारी गेल्यास रुईच्या पानांची माळ आणि तेल न्यावं. चैत्री पौर्णिमेला, हनुमान जयंतीला जायचं असेल तर पहाटेच हजर व्हावं, कारण इथे जन्म सूर्योदयाला होतो. चाफळचा राम मात्र सहा दिवस आधी, नवमीला, भर दुपारी बाराला जन्मतो. मालकाची वेळ उन्हातली आणि सेवकाची गारव्यातली. पर्यटकाने आपला रक्तदाब बघून दोघांतला एक निवडावा. सुंठवडा दोन्हीकडे मिळतो.

या मारुतीची कथा अशी सांगतात की, समर्थ चाफळहून कृष्णेच्या स्नानाला इथे येत. एकदा ते पाण्यात बुडू लागले आणि मारुतीने हात देऊन बाहेर काढलं. यातून पर्यटकाने घ्यायचा बोध निव्वळ व्यावहारिक आहे. इथे येईपर्यंत कृष्णेत वेण्णा आणि उरमोडी मिसळलेल्या असतात, आणि गावाशी तारळी येऊन मिळते. पात्रात आज किती पाणी असेल हे ऋतूपेक्षा वरच्या धरणांतून काय सोडलंय यावर ठरतं. काठावरची पोरं पाठीला डबा बांधून धडाधड उड्या मारतील आणि तुम्हालाही बोलावतील. रोज कोसच्या कोस सूर्यनमस्कारी देहाने चालणाऱ्या पुरुषाला जिथे मदत लागली, तिथे कार्यालयात बसून वाढलेल्या देहाने उतरण्याआधी आपल्याला काढायला कोण येणार आहे, त्याचं नाव मनाशी निश्चित करावं.

मंदिराजवळ थोडा वेळ बसून राहिल्यास एक वेगळाच देखावा दिसतो. एका दिवसात अकरा मारुती करणाऱ्यांची गाडी येते. अकरांपैकी सात सातारा जिल्ह्यात, बहे आणि शिराळा सांगलीत, मनपाडळे आणि पारगाव कोल्हापुरात. म्हणजे सूर्य मावळायच्या आत तीन जिल्हे. दार उघडतं, वीसेक माणसं उतरतात, चपला, नमस्कार, फोटो, प्रदक्षिणा, चपला. एखादे काका शेंदूर लावलेल्या कपाळाने शांतपणे डोळे मिटू लागतात तोच चालक हॉर्न देतो, "चला, अजून सहा ऱ्हायल्यात!" ही मंडळी आली की पुण्य किती जणांना लागलं आणि चपला किती जणांच्या बदलल्या, याचा हिशेब करत कट्ट्यावर बसावं. तिकीट नाही.

आता गावकऱ्यांनी सुचवलेल्या ठिकाणांबद्दल. ती टाळता येत नाहीत. चाफळ दहा-बारा किलोमीटर, वडापने जावं. वडाप म्हणजे जीप. किती माणसं बसली की ती भरते, हे शास्त्राला ठाऊक नाही, चालकाला ठाऊक असतं. चाफळला रामाच्या समोर दास मारुती हात जोडून उभा आणि देवळाच्या मागे प्रताप मारुती. रामाची मूर्ती समर्थांना अंगापूरच्या डोहात सापडली, असं परंपरा सांगते. जवळच शिंगणवाडीचा मारुती. शिवाजी महाराज आणि समर्थांची भेट तिथे झाली असंही परंपरा सांगते, आणि इतिहासकार त्यावर बरंच काही सांगतात. हा विषय वडापमध्ये अजिबात काढू नये. उतरायला जागा नसते.

तारळीकाठच्या पालला खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं ते पौषात, म्हणजे माणसं ज्या महिन्यात लग्नं करत नाहीत त्या महिन्यात. देवाने थंडीतला मुहूर्त स्वतःला ठेवला आणि भक्तांना वैशाख दिला. उन्हाळ्यात गेलात तर दर्शन निवांत होतं; भंडाऱ्याने पिवळा झालेला सदरा धुवायला वेळही मिळतो. कराडचा प्रीतिसंगम संध्याकाळी. दोन नद्या सहसा तिरक्या येऊन मिळतात, कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी याच काठावर आहे. तिथे बसून भेळ खाताना शेजारी कुणी तरी 'तेव्हाचं राजकारण वेगळं होतं' असं म्हणेल. मान हलवावी. हा स्थानिक शिष्टाचाराचा भाग आहे.

खाण्याबाबत शहरी मार्गदर्शकांत 'चुकवू नये असे पदार्थ' सांगतात. उंब्रजमध्ये चुकवता येत नाही असा पदार्थ एकच, चहा. नको म्हटलं तर "मग अर्धा घ्या" येतो. अर्धाही नको म्हटलं तर दूध येतं. दूध नाकारलं तर तुम्ही नक्की कुणाकडचे, याची चौकशी सुरू होते. तेव्हा पहिल्याच फेरीत शरण जावं. स्टँडजवळचा वडापाव दुपारच्या आत खावा, सोबतची तळलेली मिरची आधी सोबत्याला चाखायला द्यावी. उसाचा रस घ्यायचा तर हीच वेळ: कारखान्यांचा हंगाम आटोपत आलेला असतो, उसाने लादलेल्या जोड ट्रॉल्या रस्त्यावरून विरळ झालेल्या असतात, आणि त्यांच्यामागे धावून कांडं ओढणारी पोरं आता चोखायला दुसरं काही शोधत असतात. रसात आलं-लिंबू घालून घ्यावं. बर्फ नको म्हणाल तर रसवाला आजारी माणसाकडे बघावं तसा बघतो, हरकत नाही. आंब्याच्या बाबतीत नियम असा की, एप्रिलमध्ये भाव विचारावा आणि मेमध्ये आंबा घ्यावा. कोकणातला हापूस घाट चढून येतो आणि येताना किंमतही चढवून आणतो. रायवळ पिळून खायला कुणाचीही शिफारस लागत नाही.

खरं जेवण मात्र विकत मिळत नाही. भरलेलं कृष्णाकाठचं वांगं, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर दही हा ऐवज कुणाच्या तरी घरीच असतो, आणि त्या घरी पोचायला नातं लागतं. ते तयार करणं अवघड नाही. पारावर बसावं. आडनाव विचारलं जाईल, मग मूळ गाव, मग आजोळ. आजोळापर्यंत आलात की तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात कुणाची तरी चुलत मेव्हणी तुमच्या गावात दिलेली निघतेच. "आवं, मग आमचंच की तुमी!" हे वाक्य ऐकलं की हात धुवायला उठावं.

करण्यासारखं म्हणाल तर या दिवसांत आसपासच्या गावांच्या जत्रा. चैत्र-वैशाखात एक संपते तोवर दुसरी उभी राहते. सबंध वर्ष मुंबईच्या बाजारात ओझी उचललेली माणसं या दिवसांत घरी येतात. पाटण खोरं आणि माथाडी कामगार हे नातं जुनं. १९६९ चा माथाडी कायदा ज्यांच्या लढ्याशी जोडला जातो ते अण्णासाहेब पाटील तिकडच्याच मंद्रुळकोळ्याचे. तेव्हा जत्रेत तुम्हाला भेटणारा पर्यटक पुण्यामुंबईचाच असेल, फक्त त्याचं इथे घर आहे आणि तुमचं नाही, एवढा फरक लक्षात ठेवून बोलावं. पहिल्या दिवशी पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी मटण. फक्त पहिल्या दिवशी हजर राहणाऱ्याला लोक धार्मिक म्हणतात, फक्त दुसऱ्या दिवशी येणाऱ्याला पाहुणा.

कुस्त्यांच्या फडात पुढे बसू नये, पैलवान अंगावर येतो. १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कराडशेजारच्या गोळेश्वरचे. त्यामुळे फडात बसलेल्या प्रत्येकाला डाव कळतो आणि तो मोठ्याने सांगतोही, विशेषतः ज्याने लंगोट कधी कसला नाही तो. छकड्यांच्या शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये वाट मोकळी करून दिली आणि मे २०२३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हापासून रस्त्याकडेच्या फलकांवर बैलांचे फोटो पुढाऱ्यांपेक्षा मोठे छापले जातात. त्यात गैर काही नाही. बैल निदान धावलेला असतो. एकच काळजी घ्यावी. 'यातला चांगला कोणता?' हा प्रश्न दोन मालकांच्या मधे उभं राहून विचारू नये.

जत्रा नसेल त्या दिवशी लग्न असतं. मे महिन्यात महामार्गालगतच्या कार्यालयांसमोरून चालत जाणाऱ्या माणसाला आत ओढलं जाण्याची दाट शक्यता आहे. आपल्याला इथे कुणी ओळखत नाही, हे कारण ग्राह्य धरलं जात नाही: वराकडच्यांना वाटतं तुम्ही वधूकडचे, वधूकडच्यांना वाटतं वराकडचे. फेटा बांधला जाईल, बांधू द्यावा. ध्वनिवर्धकावरून मान्यवरांची नावं वाचली जातील. त्यात आपलंही नाव आलं तर हात जोडून उभं राहावं आणि सत्कार स्वीकारावा. अक्षता मात्र आपल्या पुढच्याच्या डोक्यावर पडतील एवढ्याच जोरात टाकाव्यात. मंडपाबाहेरचा डीजे हृदयविकाराच्या रुग्णांनी लांबूनच पाहावा.

परत निघताना घरच्यांसाठी काय न्यावं, हा शेवटचा प्रश्न. सातारी कंदी पेढे. ते महामार्गावर मिळतात. उंब्रजला जाऊन साताऱ्याचे पेढे का आणले, अशी शंका कुणाला येत नाही, कारण उंब्रजला गेला होतात, यावर मुळात कुणाचा विश्वास बसत नाही. डबा उघडताच शेजारच्या काकू म्हणतील, "साताऱ्याला जाऊन आलात वाटतं?" हो म्हणावं, आणि त्यांना दुसरा पेढा द्यावा.