टाकी, टँक आणि टक्का

परवा नगरच्या टँक म्युझियममध्ये एक पोरगं पॅटन टँकसमोर उभं राहिलं. 1965 च्या लढाईत पाकिस्तानकडून हिसकावलेला तो पॅटन. पोराने आईचा पदर ओढला आणि खणखणीत आवाजात विचारलं, “आई, ह्याच्यात पानी कुठून भरत्यात?”

आजूबाजूचे हसले. पोरगं पाथर्डीकडचं असावं.

पण हसण्यासारखं काय होतं त्यात? प्रश्न बिनचूक होता. शंभरेक वर्षं उशिरा आला, एवढंच.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडातल्या लिंकनच्या कारखान्यात ही लोखंडी धुडं तयार होत होती. बातमी फुटू नये म्हणून कामगारांना थाप मारली गेली, की या मेसोपोटेमियाच्या वाळवंटात पाणी पोचवायच्या गाड्या आहेत. कागदावर ‘वॉटर कॅरियर’ असं नाव घालायचंही घाटत होतं. मग कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला, की याची आद्याक्षरं ‘डब्ल्यू. सी.’ होतात.

साहेबाला युद्ध चालतं, संडास चालत नाही.

म्हणून ‘टँक’. 15 सप्टेंबर 1916 ला फ्रान्समध्ये सोमच्या रणांगणावर थाप उघडी पडली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आपण मराठीत ‘रणगाडा’ हा झकास शब्द केला. वर्तमानपत्रं तो छापतात, नगरकर मात्र ‘टँक’च म्हणतो.

आणि साहेबाने हा शब्द आणला कुठून? आपल्याच परसातून. कोशकार मूळ शोधत गुजराती-मराठी ‘टांक्या’पाशी येतात आणि पोर्तुगीजांचा ‘तांक’ त्यात मिसळला म्हणतात. आधी कोण, नंतर कोण, यावर त्यांचं भांडण आहे. भांडोत बापडे. हरिश्चंद्रगडावर आणि रतनगडावर कातळात खोदलेली टाकी आहेत, ती काही पोर्तुगीज येऊन खोदून गेले नाहीत.

शब्द हाती लागल्यावर इंग्रज अंमलदारांनी तो असा वापरला, की तळं दिसलं की लिही टँक. तीच सवय आपल्या कचेऱ्यांना लागली. आजही सरकारी इंग्रजीत पाझर तलाव म्हणजे ‘परकोलेशन टँक’. 72 च्या दुष्काळात आमच्या आज्यांनी डोक्यावरून मातीची घमेली वाहिली ती याच टँकांसाठी. त्यातून पाणी किती पाझरलं आणि पैसा किती पाझरला, हे विचारू नये.

पण तळ्यालाच टँक म्हणायचं, तर लढाईत टँक आणण्याचा मान इंग्रजांचा कसा? 1624 साली नगरच्या उशाशी भातवडीला मलिक अंबरने तळ्याचं पाणी सोडून दिलं आणि चालून आलेल्या मोगल-आदिलशाही फौजांच्या वाटेत चिखल करून ठेवला. फौजा अडकल्या, अंबर जिंकला. सोमच्या 292 वर्षं आधी!

तेही डिझेलचा थेंब न जाळता.

असा हा परदेशी जाऊन आलेला शब्द नगरला परतला तो दोन वेशांत. एक लष्करी. आर्मर्ड कोअरचं केंद्र आणि शाळा इथे 1948 पासून, म्युझियम 1994 पासून. सरावाची जागा ‘के. के. रेंज’. के. के. म्हणजे कुणी जनरल असेल असं बाहेरच्यांना वाटतं. ते आपलं खारे कर्जुने. गावाची आद्याक्षरं करताना मात्र कुणाला अडचण वाटली नाही.

दुसरा आला पाठीला ‘र’ लावून.

टँकर.

‘टाकं’ म्हणजे पावसाचं पाणी आहे तिथे साठवणारं. ‘टँकर’ म्हणजे दुसरीकडचं पाणी रस्त्याने फिरवणारा. एका ‘र’ने किती अंतर पडावं? उन्हाळ्यात पाथर्डी, पारनेर, संगमनेरच्या पठारावर जाऊन बघा. टँकर येतो, विहिरीच्या काठाला मागची चाकं भिडवतो, जाड पाइप आत सोडतो. विहिरीत ओततो हो, घागरीत नाही! खाली पडून गढूळलेलं तेच पाणी मग बायका पोहऱ्याने पुन्हा वर ओढतात. पाणी एकच, कष्ट दोनदा.

खेप मात्र वहीत एकदाच लिहितात. निदान एकदा तरी.

हल्ली टँकरला जीपीएस असतं. म्हणजे टँकर कुठे आहे ते मुंबईतून दिसतं. पाणी कुठे आहे ते गावातूनसुद्धा दिसत नाही.

मग गावाला टाकीच नाही का? आहे की. पाण्याच्या योजनेतली, उंच, रंगवलेली, जिना असलेली. सरकारी कागदात तिला ‘जलकुंभ’ म्हणतात, कारण कुंभ म्हटलं की आत अमृत असल्याचा भास होतो. काही गावांत त्या कुंभावर चढून पोरं मोबाइलची रेंज शोधतात. तेवढी मिळते.

टाकी आधी उभी का राहते आणि पाणी मागाहून का येत नाही? उत्तर व्युत्पत्तीत आहे. संस्कृतात ‘टंक’ म्हणजे छिन्नी. दगड फोडणारी ‘टाकी’ तिच्यातूनच आली, आणि त्या टाकीने खोदलं ते ‘टाकं’, असं मला वाटतं. ठसा उमटवलेलं नाणं तेही टंकच, म्हणून ‘टांकसाळ’, म्हणून ‘टंकलेखन’, म्हणून ‘टका’. देव्हाऱ्यातले टाक आणि डॉक्टरांचे टाके यांची सोयरीक पंडितांनी जुळवावी. आपण टक्याच्या मागे जाऊ, कारण त्याच्याच घरातला ‘टक्का’.

आणि टक्क्याची लेक टक्केवारी.

आलं लक्षात? टाकी आणि टक्का एका आईची लेकरं. रक्ताचं नातं आहे, ठेकेदाराला उगाच नावं ठेवू नका.

मध्यंतरी जिल्ह्याचं नाव बदललं. 2024 पासून अहिल्यानगर. चौंडीच्या लेकीने, अहिल्याबाई होळकरांनी, काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट बांधले, विहिरी आणि बारवा खोदल्या. त्यांचं नाव आम्ही पाट्यांवर घेतलं, लेटरहेडवर घेतलं, टँकरच्या मंजुरीच्या आदेशावरही घेतलं असणार.

बारव घ्यायची राहिली.

म्युझियममधल्या त्या पोराला आईने काय उत्तर दिलं, ते गर्दीत ऐकू आलं नाही. बाहेर पडलो तर रस्त्यावर एक टँकर ठिबकत उभा होता. लिंकनच्या कारखान्यात थाप पक्की बसावी म्हणून रणगाड्यांवर रशियन अक्षरांत रंगवलं होतं, ‘जपून न्या, पेट्रोग्राड’. आमच्या टँकरवर मराठीत रंगवलं होतं, ‘पिण्याचे पाणी’.