दोन तासांची सवलत

संयुक्त अरब अमिरातीत रमजान लागला की खासगी कचेऱ्यांतल्या कामाचे रोजचे दोन तास कमी होतात. कायद्यानेच. रोजा कोण धरतो नि कोण नाही, हे कुणी विचारत नाही. त्यामुळे दुपारी पॅन्ट्रीचं दार लोटून पोळीभाजी खाणारा माझ्यासारखा माणूसही चारला पंचिंग करून बाहेर पडतो. सरकारी कचेऱ्या तर अडीचलाच सुटतात. हे दोन तास आपल्या पदरात पडले, असं पहिल्या रमजानात प्रत्येकाला वाटतं. पुढे कळतं की ते परस्पर अल इत्तिहाद रोडच्या खात्यात जमा होतात.

हा रस्ता दुबई आणि शारजा यांना जोडतो. दुबईतलं भाडं झेपत नाही म्हणून शारजात राहायचं नि पगार दुबईत घ्यायचा, ही आम्हा मधल्या पगारवाल्यांची जुनी तडजोड. मेट्रो शारजापर्यंत येत नाही. एरवी कोणी पाचला सुटतं, कोणी सहाला, कोणी साहेबांच्या केबिनमधला दिवा विझेपर्यंत बसून राहतं, आणि तेवढ्यानेच रस्त्याला जरा श्वास मिळतो. रमजानात मात्र जो तो मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, अजानपूर्वी घर गाठायला निघालेला. एकाच मिनिटाची अपॉइंटमेंट सगळ्या शहराला दिल्यावर दुसरं काय होणार?

टोलवाल्यांनी ही भूक बरोबर ओळखली आहे. दुबईच्या सालिक टोलच्या कमानीखालून जायला २०२५पासून गर्दीच्या वेळी सहा दिरहम पडतात, एरवी बहुतेक वेळ चार. इतर महिन्यांत संध्याकाळची गर्दी चार ते आठ धरतात. त्या वर्षीच्या रमजानात महाग वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच अशी केली होती. म्हणजे चारला सुटणारा सापडलाच. आमच्या ऑफिसातले काही हिशेबी लोक पाच वाजायची वाट बघत खुर्चीत बसून राहत. दोन दिरहम वाचवून ते निघत आणि इफ्तारच्या ऐन घाईत सापडत. मराठी माणूस यात पुढे होता, हे अभिमानाने सांगावं की कसं, ते ठरत नाही.

मी कारलिफ्टने जातो. गाडी चिपळूणकडच्या चाचांची, पेट्रोल चौघांचं. कोकणातल्या मुसलमान घरांतून आखातात येणं पिढ्यांचं आहे, आणि चाचांचं मराठी माझ्या मुलांच्या मराठीपेक्षा चांगलं आहे. दुबईतल्या हॉटेलांना दिवसा पडदे लावायची सक्ती २०२१मध्ये उठली, पण चाचांच्या शेजारी बसून पाण्याची बाटली उघडायला माझा हात होत नाही. तासाभराने माझा चेहरा बघून तेच म्हणतात, "पाणी पी रे बाबा. रोजा माझा हाय नि सुकलायस तू!" आमच्याकडे एकादशी नि दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर शेंगदाण्याचा लाडू. निर्जळी बसणारी माणसं घरात एखाददुसरीच. तेव्हा उपवास हा विषय मी गाडीत काढत नाही.

शेवटच्या अर्ध्या तासात रस्त्याचा स्वभाव पालटतो. लेन सोडून पिवळ्या रेषेपलीकडून कोणी पुढे घुसतं, हॉर्न वाढतात. इफ्तार गाठण्यासाठी गाडी दामटू नका, असं पोलीस दरवर्षी विनवतात. त्यासाठीच सिग्नलवर स्वयंसेवक उभे असतात. 'रमजान अमान' ही मोहीम त्यातलीच. काच खाली करा, खोका हातात येतो. आत खजूर, पाणी, कधी ताकासारखं लबन. देणारा रोजा आहे का विचारत नाही. मी पहिल्यांदा नको म्हणालो, तर तो पोरगा इतका हिरमुसला की तेव्हापासून मी घेतो आणि चाचांच्या पुढ्यात ठेवतो. चाचा स्वतः कधी घाई करत नाहीत. खजुरांची डबी गिअरपाशी तयारच असते. "पोचलो तर घरी रोजा खोलू, नाय तर हितंच. अल्ला काय पत्ता बघून कबूल करतो?"

वेळेचाही या देशात एक मजेदार पेच आहे. बुर्ज खलिफाच्या ऐंशीव्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी दोन मिनिटं उशिरा आणि दीडशेच्या वरच्यांनी तीन मिनिटं उशिरा रोजा सोडावा, असं दुबईच्या धर्मखात्याने २०११मध्ये सांगितलं होतं. उंचावर सूर्य जास्त वेळ दिसतो ना! रस्त्यावर अडकलेल्यांना ती तीन मिनिटं आधीच मिळतात. कोट्यधीशापेक्षा कारलिफ्टमधल्या माणसाचा घसा आधी ओला व्हावा, अशी दुसरी सोय मी या शहरात पाहिलेली नाही.

अजान झाली की तासभर रस्ता रिकामा. ज्यांचा रोजा नाही त्यांनी तोवर ऑफिसात बसावं आणि मग निघावं, हाच खरा उपाय. फार रेंगाळू मात्र नये, कारण रात्रीची तरावीहची नमाज आटोपली की खरेदीला सगळं शहर पुन्हा बाहेर पडतं. मला हा उपाय जमत नाही, कारण गाडी चाचांची.

शारजात घर नि दुबईत नोकरी असा बेत कोणी करत असेल, तर त्याने घरभाड्याआधी चांद्र कॅलेंडर बघावं. रमजान दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१५-१६मध्ये तो जूनमध्ये लागत होता, मगरिब सातनंतर, म्हणजे ऑफिस सुटणं आणि इफ्तार यांत तीन तासांची फट असे. आता तो थंडीकडे चालला आहे आणि फट आकसत चालली आहे. जानेवारीच्या सुरुवातीला इथे पावणेसहालाच सूर्य मावळतो. आणि २०३०मध्ये रमजान एका इंग्रजी वर्षात दोनदा लागणार आहे, एकदा जानेवारीत नि पुन्हा डिसेंबरअखेरीस. तोवर दुबईतच एखादी खोली मिळाली तर बघा, आणि दोन मिळाल्या तर मलाही कळवा.