गच्चीवरचा वीजबाजार

सूर्य कुणाच्या बापाचा नाही, मान्य. पण सोसायटीची गच्ची कुणाची, यावर आमच्याकडे तीन सभा झाल्या. सूर्यघर योजनेत सोसायटीला सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, असं सेक्रेटरींनी वाचून दाखवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी एवढंच विचारलं, "मग कुरडया कुठं वाळवायच्या?"

पॅनेल बसली. दुपारी आमची उरलेली वीज वापरते शेजारची इमारत. ती बिल भरते कंपनीला, पूर्ण दरानं. आमच्या नावावर नुसती युनिटं जमा. दलालाशिवाय बाजार कसला!

आणि लाईट गेली की भर उन्हातही ही पॅनेल बंद पडतात. लाइनमनच्या जिवासाठी तशीच सोय असते. कुरडया तेवढ्या वाळत राहतात.