दशावतारी रंगमंच : नवशिक्यांसाठी प्राथमिक माहिती

अभिनंदन! सिंधुदुर्गातल्या एखाद्या देवळासमोर, जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक उभे करायचे आपण मनावर घेतले आहे. साहित्याच्या यादीला घाबरू नये. ती एका बाकड्यापाशी सुरू होते आणि फारशी पुढे जात नाही.

बाकडा लाकडी असावा, डुगडुगणारा नसावा. त्यावर राजा बसला की सिंहासन, चढून उभा राहिला की पर्वत, राणी आडवी झाली की पलंग. नवशिके हमखास विचारतात, सिंहासनाचा पर्वत करताना मधे काय करायचे? काही नाही. राजाने उठायचे.

मागे एक पडदा लागतो. त्यावर राजवाडा रंगवलेला असेल तर घोर अरण्यही त्याच राजवाड्यासमोर होईल. यावर हरकत घेणारा मुंबईहून आलेला पाहुणा समजावा आणि त्याच्या हातावर खाजे ठेवावे.

बाजूला पेटी, पखवाज आणि झांज. रथ, वादळ, रणधुमाळी हा सगळा माल तिथूनच येतो. युद्धात दोन वीर तलवारी परजत गिरक्या घेतात. कोण मरणार ते पुराणात ठरलेले असते. किती वेळाने, ते पखवाजवाला ठरवतो. त्याच्याशी भांडून रंगमंचावर जाऊ नये.

रंगपट म्हणजे मिळेल तो आडोसा. इथे रंगभूषाकाराची वाट पाहू नका. प्रत्येकाने आपला चेहरा आपणच रंगवायचा. गुळगुळीत दाढी करून, मांडीवर आरसा घेऊन बसलेले गृहस्थ थोड्या वेळाने पातळाच्या निऱ्या झटकत द्रौपदी होऊन उठतात आणि पदर सावरत उरलेली विडी संपवतात. त्यांना आता ‘अहो काका’ म्हणू नये. गणपती आणि नटांचे वेश ठेवलेला पेटाराही इथेच असतो. गणपतीची पूजा झाल्याशिवाय पुढचे काही सुरू करायचे नाही, आणि पेटाऱ्यावर बसायचे तर मुळीच नाही. बसायला बाकडा आहे, पण त्यावर सध्या इंद्र आहे.

संहितेची प्रत मागून हसे करून घेऊ नये. आख्यान कोणते ते नाटकाआधी कळते, संवाद उभ्या उभ्या सुचावे लागतात. ज्यांना सुचत नाहीत त्यांनी आधी आडदशावतारातला, म्हणजे आख्यानाआधीच्या पूर्वरंगातला, संकासुर नीट पाहावा. वेद चोरणारा हा काळ्या वेशातला असुर मालवणीत बोलतो आणि समोर बसलेल्या गावाचीच फिरकी घेतो. सगळ्या रंगमंचावर मला सर्वांत उपयुक्त वाटलेला भाग हाच.

हल्ली ट्रिकसीनवाली नाटके असतात. धूर निघतो, नाग डोलतो. नाग अडकला तर नटाने स्वगत लांबवावे.

प्रेक्षागृह म्हणजे जमीन. पहाटे दहीकाला होईपर्यंत निम्मे प्रेक्षक तिथेच चादरी ओढून आडवे झालेले दिसतील. त्यांना हलवून जागे करू नये. युद्धाला ते आपणहून उठतात.