यमकाची वसुली

बालसाहित्याच्या चर्चेत यमक सहसा अलंकारांच्या खात्यात जमा केले जाते. वस्तुतः तो उघड कर्जव्यवहार आहे. पहिल्या ओळीचा शेवटचा शब्द उच्चारला की वाचणारा ऐकणाऱ्याचा देणेकरी होतो, आणि पुढच्या ओळीअखेर त्याच नादाचा शब्द हातावर ठेवीपर्यंत ते देणे फिटत नाही. ज्या घरात तीन-चार वर्षांचे मूल आहे, तेथे सावकार कोण आणि कूळ कोण, हे वेगळे सांगावे लागत नाही.

शास्त्रकारांनी या व्यवहाराकडे प्रथम आदराने आणि नंतर संशयाने पाहिले. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार मोजून चार, पण त्यांतल्या एकट्या यमकाचे प्रकार दहा आहेत. अर्थात तेथील यमक म्हणजे तोच अक्षरसमूह निराळ्या अर्थाने पुन्हा योजणे. मराठीत ते नाव ओळीअखेरच्या नादसाम्याला, म्हणजे पंडितांच्या अंत्यानुप्रासाला, चिकटले. नवव्या शतकात आनंदवर्धनाने शृंगारात, विशेषतः विरहाच्या वर्णनात, यमकाला मज्जाव केला, कारण जुळवाजुळवीत गुंतलेल्या कवीच्या हातून रस निसटतो. आणि मराठीत वामन पंडितासारख्या विद्वानाला याच सोसापायी ‘यमक्या वामन’ म्हणवून घ्यावे लागले. प्रौढांच्या जगात ज्या व्यसनाबद्दल टोपणनाव मिळते, त्याच व्यसनाबद्दल मुलांच्या जगात ‘पुन्हा!’ अशी आज्ञा मिळते. त्या वयातला विरह आई न्हाणीघरात असेतोवरच टिकत असल्याने आनंदवर्धनाची हरकत तेथे लागूही होत नाही.

गद्य गोष्टीत दमलेल्या बापाला पळवाट असते. राजपुत्राचे सात समुद्र चारांवर आणता येतात, राक्षसाचा एखादा भाऊ परगावी धाडता येतो आणि लग्न अर्ध्या वाक्यात उरकता येते. यमकबद्ध पुस्तकात मात्र एक ओळ गाळली की अक्षरओळख नसलेले, प्रसंगी पुस्तक उलटे धरणारे मूलही वाचणाऱ्याला जागच्या जागी पकडते. याचे कारण असे की यमक आणि मात्रा (ऱ्हस्व अक्षराची एक व दीर्घाची दोन, अशी उच्चारकाळाची मोजदाद) मिळून पुढच्या शब्दाला पळायला फारशी जागा ठेवत नाहीत. मूल तो शब्द आधीच ओळखून दबा धरून बसलेले असते आणि तो ठरल्या जागी आला की विजयी होते. शंभराव्या वाचनातही हा विजय शिळा होत नाही. शिळा होतो तो वाचणारा.

मराठीत हे देणे फेडणे वरकरणी सोपे आहे. क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते आणि त्याला ठरावीक प्रत्यय लागतात, त्यामुळे ससा जातो, खातो, गातो आणि न्हातो एवढ्या भांडवलावर आठ पानांचे सचित्र पुस्तक निघू शकते, आणि दुर्दैवाने निघतेही. ही सगळी चिल्लर होय. खणखणीत नाणे हवे असेल तर विंदा करंदीकरांकडे जावे लागते. प्रौढांसाठी मुक्तछंदातील सुनीते लिहिणारे आणि पुढे 2003 च्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी ठरलेले हे कवी मुलांपुढे मात्र नाद-यमकाची थैली घेऊनच उभे राहिले. 1961 च्या ‘राणीची बाग’चा पहिला बालवाचक आज सत्तरीच्या घरात असला, तरी त्याचे ते प्राणी म्हातारे झालेले नाहीत. तिकडे अमेरिकेत डॉ. स्यूस यांनी आपल्या प्रकाशकाशी पन्नास डॉलरांची पैज लावून अवघ्या पन्नास निरनिराळ्या शब्दांत 1960 मध्ये एक पुस्तक रचले. त्यांतला एकच शब्द एकावयवीपेक्षा मोठा, म्हणजे उच्चाराच्या एकाच ठोक्यात न मावणारा, आहे. इतक्या तुटपुंज्या पुंजीवर सगळी यमके चुकती करणारा कर्जदार विरळाच.

अशी पुस्तके मुलांना झोपवण्यासाठी असतात, हा समज मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. पुढचा शब्द वसूल करायला टपलेले मूल प्रत्येक ओळीला अधिकच जागे होत जाते, जांभया वाचणाऱ्यालाच येतात, आणि सावकार झोपी गेलाच तर नेमका पहिल्या ओळीअखेर, देणे अर्धवट असताना. तेव्हा दिवा मालवून, दाराशी पोहोचलेला बाप चार पावले परत येतो आणि ऐकायला कोणी नसताना दुसरी ओळ हळूच म्हणून टाकतो.